नोंदवहीतलं एक खरं वाक्य

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एप्रिलअखेर, वर्षातून दोनदा आम्हा प्राथमिक शिक्षकांच्या घरी उशिरापर्यंत दिवा चालू असतो. नोंदी लिहायच्या असतात. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने: विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा मी शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरची नवी शिक्षिका होते. प्रशिक्षणात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक अशी आठ साधनतंत्रं शिकवली. तिसरीला आकारिकचे, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणाचे 60 आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे 40 गुण. पोराचं पाठांतर तेवढं न बघता त्याला वर्षभर न्याहाळायचं, ही कल्पना मला तेव्हा फार आवडली होती आणि आजही आवडते. पुढे तयार नोंदींच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या. 'परिच्छेदाचे स्पष्ट वाचन करतो.' 'कविता तालासुरात म्हणतो.' 'अक्षर सुधारण्यास वाव आहे.' मीही त्यातूनच उतरवत गेले.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते. काही पोरं आईबापासोबत जातात, काही आजीकडे राहतात. तिसरीतला एक मुलगा असाच आजीकडे राहिलेला. एप्रिलमध्ये त्याच्या नावापुढे मी लिहिलं: 'स्पष्ट वाचन करतो. आवड: चित्रे काढणे.'

जूनमध्ये त्याची आजी प्रगतिपुस्तक पदराखाली धरून शाळेत आली. पुतण्याकडून वाचून घेतलं होतं तिने. म्हणाली, "बाई, ह्याला वाचता येतं व्हय? मंग घरी चिठ्ठी आली तर मला का वाचून दावत न्हाई?"

मी म्हटलं, "येईल हो आजी, हळूहळू येईल."

"तसं लिव्हा की मंग. येत न्हाई म्हून लिव्हलं तर म्या काय रागावणार हाय?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

त्या रात्री मी स्वतःला विचारलं, की मी असं का लिहिलं. कामाचा ताण, माहित्या, ऑनलाइन भरणं, हे सगळं खरंच आहे, पण ते कारण नव्हतं. 'वाचता येत नाही' असं लिहिलं, की पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो: मग वर्षभर काय केलंत? मला तो प्रश्न नको होता. वरिष्ठ आमच्याबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालासोबत आम्ही स्वतःच्या कामाबद्दल लिहून देतो, तेही मी दरवर्षी मागच्या वर्षीचंच उतरवत होते. स्वतःकडेही कित्येक वर्षांत नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं त्याला जवळ बसवायला लागले. तेव्हा कळलं, की तो चित्र पाहून धडा 'वाचतो'. बैलाचं चित्र असलं, की बैलाची गोष्ट स्वतःच रचून सांगतो, बोट मात्र ओळीवरून बरोबर फिरवतो. वर्गात मागून पाहणाऱ्याला वाचतोय असंच वाटेल. आणि आणखी एक कळलं. आजीच्या दोन शेळ्यांचं दूध तोच घरोघर घालतो. मी विचारलं, "सात घरी पावशेर-पावशेर, तर किती?" तो लगेच म्हणाला, "पावणेदोन लिटर." पाटीवर मांड म्हटलं, तर पाटीकडे नुसता बघत बसला. चित्रांची आवड त्याला कधीच नव्हती. त्याला शेळ्यांची आवड होती. कोणती शेळी कधी विणार, ते त्याला तोंडपाठ. हे माझ्या वर्गात वर्षभर समोर बसलं होतं.

दिवाळीआधी मी त्याची नोंद स्वतःच्या शब्दांत लिहिली. 'दुधाचा हिशेब तोंडी बिनचूक करतो, कागदावर मांडताना अडतो. साधे शब्द वाचतो, जोडाक्षर आले की थांबतो.' आवड: शेळ्यांची निगा. 'सुधारणा आवश्यक' पाशी बराच वेळ थांबले. आजवर तिथे पोरानेच काय करावं ते लिहीत आले होते. या वेळी लिहिलं: 'दिवाळीच्या सुट्टीनंतरही रोज वीस मिनिटे शिक्षकांनी जवळ बसवून वाचन घेणे.' ते लिहिताना हात जड झाला, कारण आता ते करावंच लागणार होतं. अठ्ठावीस मुलांच्या अशा नोंदी लिहायला मला नऊ रात्री लागल्या. पाच-सहा मुलांपुढे लिहायला माझ्याकडे काहीच निघालं नाही. त्यांची नावं मी वेगळ्या कागदावर काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

प्रगतिपुस्तक न्यायला आजीच आली. त्याचे आईवडील आठवड्यापूर्वीच टोळीबरोबर गेले होते. मी पुस्तक त्याच्याच हातात दिलं. आजी व्हरांड्याच्या पायरीवर बसली, तो तिच्यासमोर उभा राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागला. 'दुधाचा हिशेब' आला तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढे 'साधे' नीट वाचलं, 'शब्द' पाशी अडखळला, पण काढलं. मग 'जोडा' पर्यंत आला आणि 'क्ष' वर बोट थांबलं.

मी सांगितलं नाही. आजीही गप्प बसून राहिली, त्याच्या बोटाकडे बघत.