फोल्डरच्या आत फोल्डर, पण यादी एकच

अँड्रॉइड ॲपमध्ये फोल्डरचं झाड दाखवायला मी आधी यादीत यादी घातली: रिसायकलरव्ह्यूच्या (पडद्याबाहेर गेलेल्या ओळी पुन्हा वापरणारी अँड्रॉइडची यादी) ओळीत आणखी एक रिसायकलरव्ह्यू. दोन पातळ्या ठीक चालल्या. पण आतल्या यादीची उंची रॅप कंटेंट, म्हणजे आत जेवढं असेल तेवढी, असली की तिला सगळ्या ओळी एकदम तयार कराव्या लागतात. 300 फाइलींचं फोल्डर उघडलं की 300 व्ह्यू (पडद्यावरचे घटक), आणि स्क्रोल अडखळायला लागतो. ओळी पुन्हा वापरण्याचा फायदाच उरत नाही.

म्हणून झाड डेटात ठेवलं आणि पडद्याला फक्त दिसणाऱ्या ओळींची सपाट यादी दिली. प्रत्येक ओळीत आयडी, नाव, पातळी, आणि फोल्डर असेल तर ते उघडं की बंद. पालकाच्या (बाहेरच्या फोल्डरच्या) आयडीवरून त्याची मुलं, म्हणजे आतल्या फाइली आणि फोल्डर, सापडतील असा मॅप एकदाच बांधायचा. मग मुळापासून स्टॅक (शेवटी टाकलेलं आधी बाहेर येतं अशी रास) घेऊन खाली जायचं. उघड्या आयडींच्या सेटमध्ये जो फोल्डर असेल त्याचीच मुलं घ्यायची. मुलं स्टॅकमध्ये उलट्या क्रमाने टाका, नाहीतर यादी खालून वर लागते.

फोल्डर मिटताना आतल्या उपफोल्डरांचे आयडी सेटमधून काढू नका. पुन्हा उघडल्यावर सगळं होतं तसं दिसतं, आणि वापरणाऱ्याला तेच हवं असतं. उघडेपणा ओळीच्या क्रमांकावर तर कधीच ठेवू नका. वर एक फोल्डर उघडला की खालचे सगळे क्रमांक सरकतात.

माझा सर्वात जास्त वेळ फोल्डर उघडं की बंद ते दाखवणारा बाण न फिरण्यात गेला. ओळी खाली उघडायच्या, बाण मात्र जुन्याच दिशेला. कारण मी जुन्याच ऑब्जेक्टमधलं ‘उघडं’ हे मूल्य बदलत होतो, त्यामुळे डिफयुटिलला (दोन याद्यांतला फरक शोधणारं अँड्रॉइडचं साधन) जुनी आणि नवी ओळ सारखीच दिसे. दर वेळी नवी यादी द्या आणि बदललेल्या ओळीची नवी प्रत करा. लिस्टॲडॅप्टरला (डेटाची यादी रिसायकलरव्ह्यूला पुरवणारा भाग) तीच यादी परत दिली तर तो काहीच करत नाही.

इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) पातळी गुणिले 16 डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), आणि तो प्रत्येक बाइंडला, म्हणजे ओळीत डेटा भरताना दर वेळी, लावायचा, पातळी शून्य असली तरी. नाहीतर पुन्हा वापरलेली ओळ आधीचा इंडेंट घेऊन येते. 360 डीपी रुंदीच्या पडद्यावर दहाव्या पातळीला 160 डीपी असेच जातात, म्हणून मी पाचव्या पातळीनंतर इंडेंट वाढवत नाही. त्याहून खोल झाड असेल तर एका वेळी एकच फोल्डर दाखवून वर पूर्ण मार्ग देणं मला जास्त पटतं.

डेटात चूक असेल तर ती इथे गुपचूप लपते. ज्याचा पालक हटवला गेलाय, किंवा जो चुकून स्वतःच्याच उपफोल्डरात गेलाय, असा फोल्डर मुळापासून सापडतच नाही. ॲप बंद पडत नाही, फाइली फक्त दिसेनाशा होतात. असे आयडी मी वेगळे शोधून मुळाखाली दाखवतो. मार्ग काढताना पालकांकडे वर जाणारा लूप मात्र अशा वर्तुळात कायमचा अडकतो. तिथे भेट दिलेल्या आयडींचा सेट ठेवाच.