आखाडात कोनी येत नाही

चार वर्षं आम्ही नांदेडहून दिवाळीच्या तोंडावर किनवट तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जायचो. बावीस घरं. फराळ, साड्या, पोरांना कपडे. चौथ्या वर्षी साडी हातात घेत एक आजी म्हणाली, "बाई, आता कापूस येचाचं काम हाय, पैसा भेटते. आखाडात कोनी येत नाही."

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, हे मला कोणी सांगायची गरज पडायला नको होती.

झड लागली की आठ-आठ दिवस निंदणी बंद. नाला भरला की टोपली-सुपं बाजारात नेता येत नाहीत. मग ज्वारीचं पोतं दिढीनं आणायचं: आखाडात एक घ्यायचं, सुगीला दीड परत. दिवाळीला आमच्या फोटोंत मागे जी पोती दिसायची, त्यांतली कितीतरी आधीच दुसऱ्याची झालेली असायची.

कातकरी आणि माडिया गोंडांसारखीच कोलाम ही राज्यातली आदिम जमात. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, पण इथं सहा घरांना कार्डच नव्हतं. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेली पोरं, नावं अजून बापाच्या कार्डावर. 2020-21 मध्ये सरकारनं खावटी अनुदान, म्हणजे खाण्यापुरती मदत, दिलं, कुटुंबाला 4,000 रुपये: निम्मे खात्यात, निम्म्याचा किराणा. मटकी, चवळी, तूरडाळ, तेल, मीठ. चांगलंच केलं. पण खावटी दर पावसाळ्यात लागते.

म्हणून गेली दोन वर्षं आम्ही आषाढात जातो. टेम्पो नाल्यापर्यंत, पुढं पोडावरची पोरं डोक्यावर नेतात. घरटी 25 किलो ज्वारी, 3 किलो तूरडाळ, तेल, मीठ आणि एक ताडपत्री. कार्डांसाठी तहसीलच्या खेपा झाल्या; एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज आम्ही दिला. चार कार्डं निघाली, दोन अडकली आहेत.

पैसे जमवणं मात्र अवघड. आषाढात मागितलं की ओळखीचे लोक प्रेमानंच म्हणतात, "दिवाळीला बघू." त्यांना मी दिढीचा हिशेब सांगते. तुम्हालाही तोच सांगतेय. ज्वारी जूनच्या आत घ्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात अकरा घरांनी दिढीचं पोतं उचललं नाही. आजीच्या घरानं उचललं. सून बाळंत झाली, दवाखान्याला पैसे लागले.