सांगलीत आर्टिकलशिप करून काय शिकायला मिळतं?

दर निकालानंतर हा प्रश्न येतोच. सीएची मधली परीक्षा, म्हणजे इंटर, झालेली मुलं विचारतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे वडील विचारतात. "मॅडम, पुण्यात मोठी फर्म मिळत असताना सांगलीत कशाला अडकायचं? इथं काय शिकायला मिळणार?" मी स्वतः सांगलीतल्या एका लहान फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये काम करत शिकायची उमेदवारी, केली. तेव्हा ती तीन वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. आता पुण्यात एका कंपनीत इंटर्नल ऑडिट बघते. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बोलू शकते.

आधी जे मिळालं नाही ते सांगून टाकते, नाहीतर गावाची जाहिरात करतेय असं वाटायचं. लिस्टेड कंपनीचं ऑडिट जवळून पाहायला मिळालं नाही. इंड-एएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांना लागू असलेली हिशेबाची मानकं, पुस्तकातच राहिली. स्टायपेंडमध्ये मेस आणि एसटीचा पास भागला की महिना संपायचा. आणि मोठ्या फर्मचं नाव असलं की पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत वजन पडतं, हे खरंच आहे. ज्यांना तेच हवंय त्यांनी खुशाल पुण्याला जावं.

मला मिळालं ते वेगळं. कागदावरच्या आकड्यामागचा माल आणि माणूस, दोन्ही मी पहिल्याच वर्षी समोर पाहिले.

वर्षअखेरीचा माल मोजायचं काम घ्या. एसए 501 या ऑडिटच्या मानकात लिहिलंय की साठा महत्त्वाचा असेल तर ऑडिटरने मोजणीला हजर राहावं. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात. पण सांगलीत हळदीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो, त्यामुळे 31 मार्चला मार्केट यार्डातली गोदामं नेमकी छताला टेकलेली असतात. पोत्यांची थप्पी लावताना एक थर उभा, दुसरा आडवा असा लावतात, म्हणजे थप्पी ढासळत नाही. लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार करायचा तर दोन्ही थर वेगवेगळे मोजावे लागतात. मी वही उघडून तेच करत होते. एक हमाल मामा बराच वेळ बघत उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "ताई, बाहेरनं मोजून काय कळायचं न्हाई. मधनं चार पोती काढाय सांगा." म्हणजे थप्पी आतून पोकळ असू शकते. आमची थप्पी भरीव निघाली, पण पोती उघडल्यावर दुसरा प्रश्न आला. काहींत हळकुंड होतं, काहींत गड्डा, म्हणजे हळदीचा मधला गोल कंद. दोघांचा भाव वेगळा, आणि यादीत मात्र नुसतं 'हळद'. मामांनी एक हळकुंड मोडून दाखवलं. नीट वाळलेलं असेल तर मोडताना खणखणीत आवाज येतो, ओल राहिलेलं मुकाट वाकतं. ओल असेल तर वजन पुढं घटणार, म्हणजे आज दाखवलेली किंमतही टिकणार नाही. व्हॅल्युएशनचं, म्हणजे मालाची किंमत ठरवण्याचं, अख्खं प्रकरण एका हळकुंडात. (यार्डात पांढरा ड्रेस घालून जाऊ नका. तो पिवळा रंग निघत नाही.)

गावोगावच्या सोसायट्या आणि पतसंस्थांचं ऑडिट हे आणखी एक. तिथं ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, म्हटलं तर सचिव तोंडाकडं बघतात, 'तेरीज द्या' म्हटलं की लगेच कागद येतो. ऑडिटर संस्थेला कारभारावरून वर्ग देतो, आणि संस्थेच्या पाटीवर 'ऑडिट वर्ग अ' असं रंगवलेलं असतं. त्यामुळे वर्ग घसरला की तो गावात चर्चेचा विषय होतो आणि चेअरमनसाहेब तुमच्याशी जरा जास्तच अदबीनं बोलायला लागतात. अशा ठिकाणी आमचे सर कधीच 'हे चुकलंय' म्हणत नसत. "हे जरा मला समजावून सांगता का?" असं विचारायचे आणि गप्प बसायचे. समोरचा माणूस समजावता समजावता स्वतःच अडखळायचा. मी अजूनही पुण्यात हेच करते. एसी कॉन्फरन्स रूममध्येही ते तितकंच चालतं.

पण तुम्ही खरं विचारत असाल तर माझी खरी आर्टिकलशिप ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत झाली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेतल्या क्लायंटांची दप्तरं आमच्या ऑफिसच्या गच्चीवर वाळत पडली. प्रत्येक पानात वर्तमानपत्राचा कागद घालायचा, वर वजन ठेवायचं, संध्याकाळी कागद बदलायचा. बॉलपेननं लिहिलेलं बऱ्यापैकी टिकलं, शाईचं पसरलं, आणि थर्मल कागदावरची बिलं कोरी झाली. खरेदी पुन्हा उभी करायला जीएसटी पोर्टल कामाला आलं. पुरवठादारांनी भरलेली बिलं पोर्टलवरच्या 2ए या खरेदीच्या तक्त्यात दिसत होती, ती बँक स्टेटमेंटशी एकेक करून जुळवत बसायचं. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या बँकेच्या कर्जाची, मर्यादा टिकवायला बँकेला माल फुगवून दाखवायची ज्यांना सवय होती, त्यांची वेगळीच पंचाईत. विम्याचा सर्व्हेअर बँकेचं स्टॉक स्टेटमेंट आणि पुस्तकं दोन्ही मागतो, आणि दोन्हींत फरक दिसला की दाव्याच्या प्रत्येक ओळीवर शंका घेतो.

त्यातलं सगळ्यात अवघड काम माझ्याकडं आलं. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. एका कापड दुकानदार काकांना हे सांगायचं होतं. गठ्ठेच्या गठ्ठे चिखलात गेलेले, दुकानात अजून फावड्यानं गाळ काढणं चालू. सर म्हणाले, "तू जा. पण कलम सांगायला जाऊ नकोस, हिशेब करून घेऊन जा." म्हणून मी एकाच कागदावर तीन ओळी मांडल्या : माल किती गेला, त्यावरचं क्रेडिट किती परत करायचं, आणि क्रेडिट मिळणार नसल्यानं ती रक्कमही मालाच्या खर्चात धरून विम्याच्या दाव्यात मागता येते का. तिसऱ्या ओळीसाठी पॉलिसीची प्रत आधी वाचून गेले होते.

काका भडकलेच. "माल बी गेला, आणि वर कर बी आम्हीच भरायचा?" मी काही बोलले नाही, कारण त्यांचं म्हणणं अन्यायाचं नव्हतंच. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला, तिसरी ओळ परत वाचली आणि दिवाणजींना म्हणाले, "विम्याची फाईल काढा." पुढचा तासभर आम्ही ओल्या लाकडी बाकावर बसून दाव्याचे कागद लावले. वाईट बातमी घेऊन जायचं तर सोबत पुढच्या कामाचा कागद हवा, हे कुठल्या मोठ्या फर्मच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील तर मला माहीत नाही. त्या वर्षी टॅक्स ऑडिटची मुदत 30 सप्टेंबरवरून 31 ऑक्टोबर झाली, म्हणून निभावलं.

आता उलट बाजूही सांगते. लहान फर्म म्हणजे आपोआप शिक्षण, असं मुळीच नाही. अशाही जागा आहेत जिथं मुलाला पहिल्या दिवशी रिटर्न भरायला बसवतात आणि शेवटच्या दिवशी तिथूनच उठवतात. म्हणून पुणे की सांगली हा वाद बाजूला ठेवा आणि चौकशीला जाल तिथं दोन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षी क्लायंटकडं पाठवता का? आणि आमचं काम तपासून परत कोण देतं, सर स्वतः की सीनियर आर्टिकल? उत्तर गोलगोल आलं तर निघताना शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाहेर चहाला न्या आणि हेच प्रश्न त्याला विचारा. केबिनमध्ये सरांसमोर तो खरं सांगणार नाही.