चेकलिस्ट भरायची कुणासाठी?

आयएसओचं, म्हणजे क्वालिटी सर्टिफिकेटचं, ऑडिट जवळ आलं की कितीतरी कंपन्यांत महिनाभराचे रेकॉर्ड दोन दिवसांत भरून काढतात, पुण्याजवळ भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही विचारा, आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण क्वालिटी म्हणजे फाइल नाही ना.

१९६१ मधे जपानच्या एका कारखान्यात छोट्या स्विचमधे दोन स्प्रिंग बसवायच्या असायच्या, कामगार कधीतरी एक विसरायचे. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने सांगितलं, आधी दोन्ही स्प्रिंग बशीत काढा आणि मग बसवा, बशीत एक उरली की तिथल्या तिथे कळतं. बस्स एवढंच! ओरडा नाही, दंड नाही. पोका-योके म्हणतात, म्हणजे चूक होऊच नये किंवा लगेच कळावी अशी सोय, ते हेच.

सर्व्हिसमधेही चालतं हे. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) २००८ ची सर्जरी चेकलिस्ट बघा, फक्त १९ मुद्दे, पण भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि पेशंटला ऑपरेशन थिएटरमधून हलवायच्या आधी टीमने मोठ्याने बोलून तपासायचे, आठ हॉस्पिटलांच्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. नुसते टिकमार्क केले तर उपयोग शून्य.

त्यामुळे क्वालिटीवाल्यांनो, लाइनवरच्या ऑपरेटरला, वॉर्डातल्या सिस्टरला आधी विचारा की नेमकं कुठे विसरायला होतं, फॉर्म काय नंतर छापता येईल.