स्प्रिंग हॅमरची फ्रेम: दोन्ही हाउसिंग बोअर झाली

तापलं लोखंड ठोकायचा यांत्रिक घण, म्हणजे स्प्रिंग हॅमर, बनवतोय. त्याच्या सी आकाराच्या, ओतीव स्टीलच्या फ्रेममधली बेअरिंगची दोन घरं (हाउसिंग) आतून कातून मापात आणली, म्हणजे बोअर केली. भांडुपच्या एका गाळ्यात टॉस कंपनीचं जुनं, १०० मिमी स्पिंडलचं बोरिंग मशीन आहे. रविवारी ते मोकळं असतं, तासाच्या हिशेबाने मिळतं. फ्रेम तिथेच चढवली.

फ्रेमला स्टीलऐवजी बीड (ओतीव लोखंड) का नाही घेतलं, असं काहींनी विचारलं होतं. सी-फ्रेमचा गळा दर ठोक्याला उघडायला बघतो. बीड दाब कितीही सोसेल, ताणाला कच्चं. शिवाय स्टीलला वेल्डिंग धरतं. सुरुवातीच्या रफ कटमध्ये एका हाउसिंगच्या तोंडाशी ब्लोहोल (ओतताना राहिलेली पोकळी) निघाला, तो उकरून वेल्डिंगने भरला आणि फ्रेम स्ट्रेस रिलीव्हिंगला (धातूतला ताण घालवायला) ६२० अंशांच्या भट्टीत पाठवून मगच पुन्हा मशीनवर घेतली.

रफिंगचं एकच सांगतो: पहिला कट दणकून घ्या. मी बाजूला ४ मिमी घेतला, १०० आरपीएमवर. कास्टिंगच्या कातडीत वाळू असते; भीत भीत अर्धा मिमी घेतलात तर टूलची टिप वाळूवरच घासत बसते.

खरा वेळ खाल्ला तो जॉब बांधण्याने, आणि खाऊ द्यावा. चार कोपऱ्यांत पॅकिंग ठोकून आवळलं की फ्रेम पिळते. त्या अवस्थेत बोअर गोल निघतो, क्लॅम्प सोडले की त्याचं अंडं होतं. म्हणून टेकू तीनच, क्लॅम्प बरोबर टेकूंच्या डोक्यावर. बाकीचे स्क्रू जॅक डायलचा (बारीक हालचाल दाखवणाऱ्या गेजचा) काटा न हलवता नुसते अंगाला लावलेले.

अर्धा मिमी शिल्लक असताना मी बोअर गेज काढला, तर मशीनवरचे मामा म्हणाले, "माप नंतर घ्या हो. आधी सगळं ढिलं करा, जॉब कुठे बसतो ते बघू." ढिलं केलं. डायल ०.०६ मिमी सरकला. मग हलक्या हाताने पुन्हा आवळून फिनिशला लागलो.

दोन्ही हाउसिंग एकाच सेटिंगमध्ये, आरपार बारने (टूल धरणाऱ्या दांड्याने) केली; बारचं दुसरं टोक मागच्या सपोर्टमध्ये. टेबल १८० अंश फिरवून दोन्हीकडून करता येतं, पण टेबलाची चूक थेट दोन्ही बोअरच्या लाइनमध्ये उतरते. आणि बार नुसता पुढे काढला तर ओव्हरहँग दुप्पट झाल्यावर वाक आठपट होतो. दोन टोकांना धरलेला बार ही विल्किन्सनची १७७५ च्या सुमाराची युक्ती, वॉटच्या इंजिनाचे सिलिंडर त्यावर झाले. अजून तोड नाही.

बेअरिंग २२२२०, म्हणजे बाहेरचा व्यास १८०. बोअरच्या एच७ या ठरलेल्या मापवर्गाला वाव ०.०४० मिमी. जॉब कटिंगने १५ अंश जास्त तापला तर १८० चा बोअर ०.०३ ने मोठा दिसतो, जवळजवळ सगळा वाव तिथेच संपला! शेवटचा कट म्हणून सकाळी, जॉब आणि मायक्रोमीटर रात्रभर शेजारी ठेवून. दोन्ही बोअर +०.०१८ आणि +०.०२२ आले. लगेच ग्रीस फासलं; या हवेत उघडा बोअर रात्रीत लाल होतो.

आता टपाचे (वर-खाली होऊन ठोका देणाऱ्या वजनाचे) गाइड. मिलिंग करून स्क्रेपिंग (हाताने खरवडून सपाट करणं) करावं की पितळी पट्ट्या लावाव्यात? माझा कल पट्ट्यांकडे आहे, झिजल्या की बदलता येतात. कुणी वापरल्या असतील तर जाडी किती ठेवली, सांगा.