एक रुपयाही बँकेबाहेर गेला नाही

नागरी सहकारी बँकेचं कॉन्करंट ऑडिट म्हणजे वर्ष संपायची वाट न बघता चालू व्यवहार तपासत राहणं. मानधन बेताचं, व्हाउचरांचे गठ्ठे भरपूर. आणि ज्यांच्या कारभारावर शेरे मारायचे, त्याच संचालक मंडळाकडून नेमणूक. वर्षअखेरचे हिशेब तपासणारा वैधानिक लेखापरीक्षक नेमायचा तर २०२० च्या कायदेदुरुस्तीपासून रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. आम्हा कॉन्करंट ऑडिटरांच्या बाबतीत चेअरमनांची मान हलली की झालं. मला ही रचना मुळातच वाकडी वाटते, पण ते असो.

शाखा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. ठेवी निवृत्त शिक्षकांच्या आणि द्राक्षबागायतदारांच्या, मोठी कर्जं बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना. मार्चचा शेवटचा आठवडा चालू होता. तीन व्यापाऱ्यांची खाती थकून ८५ दिवस उलटले होते. ९० ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादित कर्ज. ठाकठीक खात्यावर तरतूद, म्हणजे संभाव्य बुडीतापोटी नफ्यातून बाजूला ठेवायची रक्कम, अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. एनपीए झालं की १० टक्क्यांपासून सुरुवात, शिवाय हातात न आलेलं व्याज नफ्यातून वजा. तिघांची येणी मिळून चार कोटींच्या घरात. यंदाचा लाभांश या तीन खात्यांवर अडला होता म्हणा ना.

त्या दिवशी गेलो तर मॅनेजर भलतेच खुशीत. ‘‘साहेब, तिन्ही खाती काल रेग्युलर झाली. एक पै थकीत नाही.’’ व्हाउचर पाहिले. सह्या होत्या, शिक्के होते, रकमा जुळत होत्या. मार्चअखेरीला व्यापारी इकडून तिकडून पैसे उभे करतातच, त्यात नवल नाही. पण तिघांचीही सोय एकाच दुपारी व्हावी?

मी सीबीएसमधून, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीतून, आदल्या दिवसाचे ट्रान्सफर खातेवार न घेता वेळेच्या क्रमाने काढायला सांगितले. ११.४२ ला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एका नव्या कारखान्याला १ कोटी ८० लाखांचं कर्ज वितरित. ११.४७ ला ती रक्कम मशिन पुरवणाऱ्याच्या खात्यात; खातं याच शाखेतलं, आठवड्यापूर्वी उघडलेलं. १२.०५ पासून तिथून तुकड्या-तुकड्यांत तिन्ही व्यापाऱ्यांकडे. साडेबाराच्या आत थकबाकी जमा. बँकेचाच पैसा फिरून बँकेत आला होता. कर्ज नवं-जुनं करणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, पण इथं नवं एकाच्या नावावर आणि जुनं तिघांच्या.

कारखान्याची फाइल मागवली. मशिनचं कोटेशन गुळगुळीत कागदावर छापलेलं, पत्ता अहमदाबादचा. त्यावरचा जीएसटी क्रमांक मात्र २७ ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र; गुजरातचे आकडे २४. राज्याच्या आकड्यांनंतरची दहा अक्षरं म्हणजे नोंदणी करणाऱ्याचा पॅन. तिन्ही व्यापाऱ्यांच्या फायली पुढ्यात ओढल्या आणि कोटेशनवर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. दुसऱ्या फायलीत दहाच्या दहा जुळली. थकबाकीदारच मशिनवाला झाला होता, आणि एका पॅनवर दोन ग्राहक क्रमांक उघडून दिले होते.

दुपारी कारखान्याच्या जागेवर जाऊन आलो. पत्र्याची शेड, आत द्राक्षांचे रिकामे क्रेट, आणि भिंतीवर सिंगल फेजचा मीटर. त्या मीटरवर फार तर पंखा चालला असता.

मॅनेजरांनी काही नाकारलं नाही. उलट समजावलं. ‘‘साहेब, एक रुपयाही बँकेबाहेर गेलाय का? सगळं आपल्याच तिजोरीत आहे.’’ नेमकी तीच तर अडचण होती. थकबाकी फेडायला बाहेरून दमडी आली नव्हती आणि येणी एका रुपयानेही कमी झाली नव्हती. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला १००० रुपयांवर काढता येत नव्हते, आणि तिथंही एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जं वर्षानुवर्षं झाकलेली निघाली. ठेव विमा तेव्हा १ लाख होता, पुढच्या फेब्रुवारीत ५ लाख झाला. या शाखेतल्या कितीतरी शिक्षकांची निवृत्तीची पुंजी त्याहून मोठी आहे. हे मी बोलून दाखवलं. त्यांनी चहा मागवला.

मग चेअरमन अण्णांचा फोन. आवाज मऊ, घरच्यांची चौकशी, मुलाची बारावी कशी गेली वगैरे. ‘‘तुमच्या नेमणुकीचा विषय एप्रिलच्या सभेत घेतोय बरं का.’’ बाकी एक शब्द नाही. धमकी म्हणून दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. सगळ्या नोंदी एका तरुण क्लार्क मुलीच्या आयडीने झाल्या होत्या. ती दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, साडेअकरा ते साडेबारा मी कॅश मोजायला आत होते. पासवर्ड साहेबांनी कधीच मागून घेतलाय.’’ नोंद एकाने टाकायची, मंजूर दुसऱ्याने करायची, या नियमाचा काटा असा काढतात. उद्या चौकशी लागली असती तर पहिलं नाव तिचं आलं असतं. मी त्या वेळेचं सीसीटीव्ही फुटेज लेखी मागितलं आणि पोच घेतली. फुटेजमध्ये तिची खुर्ची रिकामी होती; टेबलाशी वाकून कीबोर्डवर कोण आहे तेही दिसत होतं.

महिन्याच्या अहवालाची वाट न बघता त्याच रात्री विशेष अहवाल ऑडिट कमिटीला आणि मुख्य कार्यालयाला पाठवला. वेळेच्या क्रमाचं स्टेटमेंट, कोटेशन, पॅन, शेडचे फोटो जोडून. मंडळाने पुष्कळ ओढाताण केली. वैधानिक लेखापरीक्षकाने तो फेरा जमेत धरलाच नाही. त्यामुळे ३१ मार्चला तिन्ही खाती ९० दिवसांपलीकडे गेली आणि एमओसी, म्हणजे हिशेबातल्या बदलांचं टिपण, काढून एनपीए झाली. बॉक्सचं कर्ज पूर्ण परत मागितलं. लाभांश जाहीर झाला नाही, वार्षिक सभेत त्यावर खुर्च्या वाजल्या. मॅनेजरांना सक्तीच्या रजेवर पाठवलं.

एप्रिलच्या सभेत माझ्या जागी दुसरी फर्म आली. त्या मुलीची बदली मुख्य कार्यालयाच्या वसुली विभागात झाली. त्या तीन व्यापाऱ्यांच्या नोटिसा आता तीच तयार करते, स्वतःच्या पासवर्डने.