लिंकर फक्त नावं जुळवतो

पवईपासून माटुंग्यापर्यंत, सिव्हिल असो की मेकॅनिकल, संख्यात्मक कोड लिहिणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: "सगळ्या फाइल्स बिनतक्रार कंपाइल झाल्या. ब्लास आणि लापॅक (मॅट्रिक्सच्या गणिताच्या तयार लायब्ऱ्या) मशीनवर आहेत. मग शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी फाइल) बनवताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' का येतो?" त्याचं उत्तर लिनक्स आणि जीसीसी हा कंपायलर धरून सांगतो. (पर्याय इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

लिंकर म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल्स एकत्र जोडणारा प्रोग्राम. त्याला गणित कळत नाही, फोर्ट्रान कळत नाही, आर्ग्युमेंट किती आणि कसली तेही कळत नाही. एका फाइलने मागितलेलं नाव दुसऱ्या फाइलमध्ये सापडतं का, एवढंच तो पाहतो. म्हणून एरर आली की नेटवरची कमांड चिकटवण्याआधी ते नाव अक्षर न् अक्षर वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

जीफोर्ट्रान (जीसीसीचा फोर्ट्रान कंपायलर) मॉड्यूलबाहेरच्या प्रत्येक सबरूटीनचं नाव लहान अक्षरांत नेतो आणि शेवटी एक अंडरस्कोर लावतो. मॅट्रिक्सचा गुणाकार करणाऱ्या, ब्लासमधल्या डीजेमचं खरं नाव 'डीजेम_'. एररमध्ये अंडरस्कोर नसलेलं 'डीजेम' दिसलं, तर चूक तुमच्या सी कोडमध्ये आहे: तिथे नाव अंडरस्कोरसकट लिहायला हवं. अंडरस्कोर आहे तरी सापडत नाही, तर लायब्ररी दिलेली नाही किंवा चुकीच्या जागी दिली आहे. नावापुढे कंसात आर्ग्युमेंटचे प्रकार छापून आले, तर सी++ने नाव बदललंय आणि घोषणेवर 'एक्स्टर्न सी' राहिलंय. नावाची सुरुवात '_जीफोर्ट्रान_'ने होत असेल, तर फोर्ट्रानची रनटाइम लायब्ररी जोडलेली नाही. त्यासाठी लिंक करण्याचं शेवटचं काम जीसीसीऐवजी जीफोर्ट्रानलाच द्या, तो ती आपणहून जोडतो. नावाच्या मधोमध 'मॉड' असेल, तर एखाद्या फोर्ट्रान मॉड्यूलची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल) यादीतून सुटली आहे. 'गॉम्प' दिसलं, तर कंपाइल करताना दिलेला ओपनएमपीचा (अनेक कोअरवर समांतर काम करण्याचा) पर्याय लिंक करताना द्यायचा राहिलाय.

'कॅनॉट फाइंड -एललापॅक' ही तक्रार वेगळी. लापॅक असते, पण फक्त चालवण्यापुरती, नावाला आवृत्तीचा आकडा चिकटलेली. लिंकर आकड्याविना नाव शोधतो आणि ते डेव्हलपमेंट पॅकेजमधून येतं. उबुंटूवर 'लिबओपनब्लास-डेव्ह' टाका (ओपनब्लासमध्ये ब्लास आणि लापॅक दोन्ही येतात).

आता क्रम. स्टॅटिक लायब्ऱ्या (ज्यांचा कोड लिंक करतानाच फाइलमध्ये उतरवला जातो) लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच पाहतो. सीएसएमटीहून सुटलेली ठाणा लोकल कुर्ल्याहून निघाली, की घाटकोपरला कुणाला आठवण झाली म्हणून मागे येत नाही, तसंच हे. लापॅक ब्लासला बोलावते, म्हणून आधी तुमच्या ऑब्जेक्ट फाइल्स, मग -एललापॅक, मग -एलब्लास, शेवटी -एलएम (सी ची गणिताची लायब्ररी). उबुंटूवर 'ॲज-नीडेड' आपोआप चालू असल्याने हा क्रम शेअर्ड लायब्ऱ्यांनाही लागू पडतो: ज्या लायब्ररीची गरज अजून कुणी सांगितलेली नाही, ती गाळली जाते. -एलएमची एक गंमत अशी, की सी मध्ये 'स्क्वेअर रूट २.०' त्याच्याविना चालतं, कारण कंपायलर तो आकडा स्वतःच काढून ठेवतो. त्या जागी व्हेरिएबल आलं, की एरर.

शेअर्ड लायब्ररीची खास एरर म्हणजे 'रीलोकेशन … रीकंपाइल विथ -एफपीआयसी'. शेअर्ड लायब्ररी मेमरीत कुठेही बसू शकते, म्हणून कोडमध्ये पक्के ३२-बिट पत्ते असून चालत नाहीत. पर्यायातली पीआयसी ही ३ अक्षरं कॅपिटल. मेकफाइलमध्ये तो घातलात, तरी मेक जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स पुन्हा कंपाइल करत नाही, म्हणून आधी 'मेक क्लीन'. पण एररमध्ये तुमच्या फाइलऐवजी कुठल्या तरी स्टॅटिक ब्लासचं नाव असेल, तर स्वतःचा कोड शंभरदा कंपाइल करून काही होणार नाही. ती ब्लास पुन्हा बनवा किंवा तिची शेअर्ड आवृत्ती जोडा.

एररच आली नाही, तर मी जास्त सावध होतो. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीत नावं अपुरी राहिली तरी लिंकर निमूट फाइल बनवून देतो. मग पायथनमधून लोड करताना 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: डीजीईएसव्ही_' येतं (सिम्बॉल म्हणजे नाव, डीजीईएसव्ही हे समीकरणं सोडवणारं लापॅकचं रूटीन). यासाठी लिंक करताना '-डब्ल्यूएल,-झेड,डेफ्स' (फक्त डब्ल्यू कॅपिटल) द्याच. अपुरं नाव तिथल्या तिथे पकडलं जातं. पायथनच्या एक्स्टेन्शन मॉड्यूलला मात्र तो लावू नका, कारण पायथनची स्वतःची नावं इंटरप्रिटरमधून नंतर मिळतात. गणिताचा भाग वेगळ्या लायब्ररीत ठेवला, की हा पेच उरत नाही. तयार फाइलवर 'एनएम -डी' (डी कॅपिटल) चालवा: 'यू' म्हणजे मागितलेलं नाव, 'टी' म्हणजे इथेच असलेलं. मागितलेलं कुठल्या लायब्ररीतून यायचं, ते 'रीडएल्फ -डी'च्या (इथे डी लहान) 'नीडेड' ओळींत दिसतं. तिथे ब्लास नसेल, तर ती जोडलीच गेलेली नाही.

आणि नाव जुळूनही उत्तर चुकतं, त्याचं काय? लापॅकच्या डीएसवायईव्हीडी या रूटीनने सममित मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर काढायला किमान १+६एन+२एन² एवढी कामाची जागा सांगावी लागते (एन म्हणजे मॅट्रिक्सच्या ओळींची संख्या). एन ३२,७६७ झाला, की हा आकडा ३२-बिट इंटीजरच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जातो. मग लोक ६४-बिट इंटीजरची ब्लास-लापॅक आणतात, पण स्वतःचा कोड ३२-बिटच राहतो. नावं तीच असल्याने लिंकर खूश. चालताना मात्र लायब्ररी ४ बाइटच्या जागी ८ बाइट वाचते, आणि डीजीईएसव्हीसारखं रूटीन पिव्हटच्या (कोणती ओळ कुठे हलवली त्याच्या नोंदीच्या) ॲरेत त्याच्या हद्दीबाहेर लिहितं. कधी सेगमेंटेशन फॉल्ट, कधी नुसताच चुकीचा आकडा. म्हणून ६४-बिट ओपनब्लास स्वतः बनवत असाल, तर सिम्बॉलना '६४_' हा प्रत्यय लावा, ज्युलिया या भाषेने तसंच केलंय. मग चुकीची जोडी लिंकच होत नाही. ३ बाय ३ च्या चाचणीवर इथे भिस्त ठेवू नका. ८ बाइटच्या इंटीजरचा पत्ता ४ बाइट वाचणाऱ्या लायब्ररीला दिला, तर आपल्या नेहमीच्या प्रोसेसरवर खालचे ४ बाइट आधी येतात आणि एकुलता एक छोटा आकडा बरोबर वाचला जातो. ॲरे तपासा: डीजीईएसव्हीला असं मॅट्रिक्स द्या की ओळींची अदलाबदल करावीच लागेल, आणि परत आलेले पिव्हट छापून पाहा. १ ते एनच्या बाहेरचे आकडे दिसले, तर इंटीजरची रुंदी जुळलेली नाही.